एक कोटी दहा लाखांचा कॅडेट: फी, कर्ज आणि रांगेचा हिशेब

एक कोटी दहा लाख रुपये. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला विमान कंपनीच्या कॅडेट कार्यक्रमातून एअरबस ए-३२० च्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीटपर्यंत पोचवायला आज घरातून साधारण एवढी रक्कम बाहेर पडते. काही कार्यक्रम थोडे स्वस्त आहेत, परदेशात उड्डाण शिकवणारे आणखी महाग. दुसरा रस्ता जुना आहे. आपणच फ्लाइंग स्कूल निवडायचे, हवाई वाहतूक नियामक डीजीसीएचे पेपर द्यायचे, २०० तास उडून कमर्शियल पायलट लायसन्स म्हणजे सीपीएल काढायचे, मग कंपनीची भरती निघण्याची वाट पाहायची आणि निवड झाली की टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता, मिळवायचे. या रस्त्याने लायसन्सपर्यंत ६० लाख आणि टाइप रेटिंगला २० लाख, असे ८० लाख धरू.

फरक ३० लाखांचा आहे. या पैशात जास्तीचे उड्डाण फार थोडे मिळते, कारण शेवटी दोघांच्याही हातात तेच लायसन्स आणि तेच टाइप रेटिंग असते. कॅडेटला जास्तीचे मिळते ते एक पत्र. ठरलेल्या दर्जाने प्रशिक्षण पूर्ण केलेस तर आमच्याकडे जागा, असा त्याचा आशय. त्या पत्राची किंमत महिन्यांत मोजता येते, आणि ती मोजल्याशिवाय कोणत्याही घराने सातबारा किंवा फ्लॅटचे कागद बँकेत नेऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

वरच्या रकमा हिशेबासाठी गोल केल्या आहेत. तुमच्या हातात जे कोटेशन असेल त्यातले आकडे घालून हीच गणिते पुन्हा करावीत; पद्धत बदलणार नाही.

आधी ६० लाख कशात जातात ते पाहू. सीपीएलसाठी डीजीसीएला एकूण २०० तास लागतात. त्यातले १०० तास 'पायलट इन कमांड' म्हणून, २० तास क्रॉस-कंट्री, त्यातही किमान ३०० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचे एक उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रात्रीचे ५ तास, इन्स्ट्रुमेंटचे १० तास. विमान, इंधन आणि इन्स्ट्रक्टर मिळून तासाला १५,००० रुपये धरले तरी नुसत्या उड्डाणाचे ३० लाख होतात. दोन इंजिनांच्या विमानाचे तास याहून बरेच महाग. उरलेल्या रकमेत ग्राउंड क्लासेस, सिम्युलेटर, मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, परीक्षा, मेडिकल, दीड-दोन वर्षांचे राहणे-जेवणे.

इथे एक बारीक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. बिलाचे घड्याळ सहसा इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत चालते. चाके जमिनीवरून सुटण्याची ते वाट पाहत नाही. मोठ्या विमानांची वर्दळ असलेल्या विमानतळावर छोटे सेस्ना टॅक्सीवेवर १५ मिनिटे उभे राहिले तर तासाला १५,००० च्या दराने ३,७५० रुपये उभ्या-उभ्या जळतात. तो वेळ लॉगबुकात मोजला जातो, पण त्यात शिकायला काही मिळत नाही. मुलाने १०० सॉर्टी केल्या आणि प्रत्येकीत सरासरी १० मिनिटे अशी गेली, तर साडेसोळा तासांहून अधिक वेळ, म्हणजे अडीच लाख रुपये, रांगेत उभे राहण्यात गेले. म्हणून स्कूल निवडताना ब्रोशरमधल्या दरापेक्षा धावपट्टी कोणाबरोबर वाटून घ्यावी लागते, हे आधी विचारावे.

एक दिलासाही नोंदवू. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केले की डीजीसीए-मान्य फ्लाइंग स्कूलचे मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रम जीएसटीमुक्त आहेत. ६० लाखांवर १८ टक्के म्हणजे १० लाख ८० हजार. कोणी अजून कोटेशनमध्ये ही ओळ लावत असेल तर थेट विचारा. परदेशी शाळांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. २०२१ च्या सुरुवातीला डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या अखेरीस तो ९० च्या घरात पोचला. ६०,००० डॉलरची फी त्यामुळे ४३ लाख ८० हजारांवरून ५४ लाखांवर जाते. बँकेने मंजूर केलेले कर्ज मात्र रुपयांतच राहते, आणि वरचे १० लाख बापाला उभे करावे लागतात.

आता कर्ज. दोन्ही घरांकडे स्वतःचे २० लाख आहेत, बाकी शैक्षणिक कर्ज, ११ टक्के व्याज, १५ वर्षांची परतफेड, असे धरू. तारण लागेलच, साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात.

कॅडेटचे कर्ज ९० लाख. ते २४ महिन्यांत हप्त्याहप्त्याने उचलले जाते, म्हणून प्रशिक्षण चालू असतानाचे व्याज सुमारे ९ लाख ९० हजार. कामावर रुजू होताना डोक्यावर ९९ लाख ९० हजार. महिन्याचा हप्ता १ लाख १३ हजार ५०० रुपये. १५ वर्षांत बँकेला परत गेलेली रक्कम २ कोटी ४ लाख.

जुन्या रस्त्याने जाणाऱ्याचे कर्ज लायसन्सपर्यंत ४० लाख, १८ महिन्यांचे व्याज ३ लाख ३० हजार. भरती लगेच मिळाली तर टाइप रेटिंगचे २० लाख वाढतात, रुजू होईपर्यंतच्या सहा महिन्यांचे व्याज आणखी ३ लाख ३० हजार. एकूण ६६ लाख ६० हजार, हप्ता ७५,७००. तोही चोविसाव्या महिन्यातच कामावर आला, असे धरले आहे. भरतीसाठी दोन वर्षे थांबावे लागले तर कर्ज ७५ लाख ४० हजारांवर आणि हप्ता ८५,७०० वर जातो.

पगाराची बाजू पाहू. एअर इंडियाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या वेतनरचनेत प्रशिक्षणार्थी वैमानिकाला महिना ५०,००० रुपये स्टायपेंड होते. लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचे प्रशिक्षण, संपून 'रिलीज' मिळाला की पगार झपाट्याने वाढतो. नव्या फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) आपण महिना २ लाख धरू. नव्या करप्रणालीत, २०२५-२६ च्या दरांनी, यातून कर वजा जाता हातात सुमारे १ लाख ७५ हजार येतात. कॅडेटने हप्ता भरल्यावर उरतात ६२,०००. मुंबई, दिल्ली किंवा बेंगळुरूत विमानतळाजवळ खोली घेऊन राहणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलासाठी हे भागवण्यासारखे आहे, पण त्यातून घरी पाठवायला काही उरत नाही. स्टायपेंडच्या महिन्यांत तर हप्त्याचे निम्मेही निघत नाहीत. ते महिने मोरॅटोरियममध्ये बसतात का, हे बँकेकडून लेखी घ्यायला हवे. अनेक योजनांत सवलतीची मुदत अभ्यासक्रम अधिक एक वर्ष अशी असते, आणि बँकेच्या लेखी अभ्यासक्रम कधी संपला हे महत्त्वाचे ठरते.

करातली एक गोष्ट बऱ्याच घरांच्या नजरेतून सुटते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट, जी आपण आजवर ८०ई म्हणून ओळखतो, ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि आठ वर्षे मिळते. पहिल्या वर्षी या कॅडेटचे व्याज जवळजवळ ११ लाख असते. जुन्या प्रणालीत ही वजावट आणि ८०सीचे दीड लाख धरले तर त्याचा कर २ लाख ९२ हजारांवरून १ लाख ५१ हजारांवर येतो. वर्षाला १ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला जवळपास १२,००० वाचले. पण त्यासाठी कर्ज बँकेच्या कागदावर शैक्षणिक कर्जच असावे लागते. घर गहाण ठेवून घेतलेले साधे मॉर्गेज लोन, किंवा काकांनी उसने दिलेले पैसे, यांना ही वजावट नाही. व्याजदराचीही घासाघीस करावी: एक कोटीच्या कर्जावर दर ११ ऐवजी ९ टक्के मिळाला तर हप्ता १२,२०० रुपयांनी उतरतो.

आता त्या पत्राची किंमत. दोघे एकाच महिन्यात कामावर लागले तर कॅडेटच्या डोक्यावर ३३ लाख ३० हजारांचे जास्त कर्ज असते. जुन्या रस्त्याच्या मुलाला मात्र वाट पाहावी लागते, आणि प्रत्येक महिन्याला त्याचे दोन प्रकारे जातात: न मिळालेले १ लाख ७५ हजार आणि ४० लाखांवरचे व्याज ३६,७००. मिळून २ लाख १२ हजार. ३३ लाख ३० हजारांना याने भागले की उत्तर येते १६ महिने.

जुन्या रस्त्याने लायसन्स काढल्यावर नोकरी १६ महिन्यांच्या आत मिळणार असेल तर कॅडेटची जादा फी वाया गेली. त्याहून जास्त थांबावे लागणार असेल तर पत्र किमतीला उतरले. वाट पाहण्याचे इतर खर्चही आहेत. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत एक वर्षाची; ते जिवंत ठेवायला, हात चालू ठेवायला उडावे लागते. त्याचे वर्षाला ३ लाख धरले तर १६ चे १४ महिने होतात. उलट, वाट पाहणारा मुलगा इन्स्ट्रक्टर रेटिंग घेऊन कुठल्याशा स्कूलवर महिना ५०,००० मिळवू लागला तर १६ चे २० ते २१ महिने होतात, आणि त्याचे तासही वाढतात. मला हा तिसरा मार्ग फार आदराचा वाटतो. दुसऱ्याला लँडिंग शिकवताना जे कळते ते सिम्युलेटरमध्ये कळत नाही.

पण या १६ महिन्यांत एक गृहीतक दडलेले आहे: कंपनी कॅडेटला वेळेवर घेते. ते चुकले की सगळे बदलते. प्रशिक्षण संपल्यावर कंपनीने 'विमाने उशिरा येत आहेत, थांबा' असे सांगून एक वर्ष घालवले, तर कॅडेटचे ९० लाखांवरचे व्याज ९ लाख ९० हजार आणि न मिळालेला पगार २१ लाख. कर्ज १ कोटी ९ लाख ८० हजारांवर जाते, हप्ता १ लाख २४ हजार ८०० वर. आता जुन्या रस्त्याच्या मुलाला ३० महिने थांबावे लागले तरी दोघे बरोबरीत येतात. कंपनीकडून झालेल्या एका वर्षाच्या उशिराने पत्राची किंमत जवळपास निम्मी होते.

मग रांग खरोखर किती लांब आहे? डीजीसीएने २०२२ मध्ये १,१६५ सीपीएल दिली, २०२३ मध्ये १,६२२. २०२४ मध्ये आकडा उतरला, तरी १,३०० च्या वर राहिला. दुसरीकडे, छोट्या पल्ल्याचे एक जेट विमान रोज उडवायला ढोबळमानाने १० ते १२ वैमानिक लागतात. त्यातले निम्मे कॅप्टन. कॅप्टन आतल्या फर्स्ट ऑफिसरमधून बढती घेऊन होतो, त्यामुळे शेवटी बाराही जागांची भर उजव्या सीटवरूनच पडते. देशात वर्षाला निव्वळ १०० विमाने वाढली तर १,००० ते १,२०० नव्या जागा, त्यावर निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या. वरच्या लायसन्सच्या आकड्याशी हे जेमतेम जुळते. विमाने १०० ऐवजी ५० च वाढली तर त्या वर्षी लायसन्स मिळालेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक मुले मागच्या वर्षीच्या रांगेला जाऊन मिळतात.

म्हणून 'भारताला येत्या पंधरा-वीस वर्षांत ३०,००० वैमानिक लागणार' हे सरकारी वाक्य ऐकताना पालकांनी सावध असावे. वाक्य चुकीचे नाही. इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत ४७० विमानांची घोषणा केली. एवढी विमाने येणार तर माणसे लागणारच. पण ३०,००० ला २० ने भागले की वर्षाला १,५०० होतात, जवळपास तेवढीच लायसन्स आपण आजच देतो. आज टंचाई आहे ती कॅप्टनची. डाव्या सीटवर बसायला एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, लागते आणि एटीपीएलला १,५०० तास. २०० तासांच्या मुलाला त्या टंचाईचा थेट उपयोग होत नाही.

२०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या विश्रांतीच्या नियमांनी मागणी थोडी वाढवली, हे खरे. वैमानिकाची साप्ताहिक सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगवर बंधने आली. पुरेसे वैमानिक हाताशी नसले की काय होते, हे डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा सगळ्या देशाने विमानतळांवर बसून पाहिले. या नियमांनी दर विमानामागे एक-दोन माणसे वाढतील. थकलेला वैमानिक विमानात नको, म्हणून हे नियम हवेतच. नव्या मुलांना त्यातून जागा मिळाल्या तर तो दुहेरी फायदा.

आणि कंपनीच बंद पडली तर? ही शंका उगाच काढलेली नाही. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ ला उडाले. गो फर्स्टने मे २०२३ च्या सुरुवातीला उड्डाणे थांबवली. अकरा वर्षांत तीन मोठ्या कंपन्या, आणि मधे कोविडची दोन वर्षे, ज्यात जगभर भरती गोठली. कंपनी बुडाली की तिचे पत्र नुसता कागद उरते आणि तिच्या दिवाळखोरीत कॅडेटचा हक्क अगदी शेवटच्या रांगेत येतो, येत असेलच तर. शिवाय अशा वेळी बुडालेल्या कंपनीचे हजारो तासांचे अनुभवी फर्स्ट ऑफिसरही बाजारात येतात, आणि दुसरी कंपनी आधी त्यांनाच घेते. जुन्या रस्त्याच्या मुलालाही हा फटका बसतो, पण त्याने टाइप रेटिंगवर पैसे अजून घातलेले नसतात. ४० लाखांचे कर्ज आणि ९० लाखांचे कर्ज यांतला फरक नोकरी असताना हप्त्यात दिसतो. नोकरी नसताना तो बापाच्या घरावर येतो.

त्यामुळे पत्रातली भाषा वाचणे हे या सगळ्यातले सर्वात महत्त्वाचे काम आहे. 'नोकरी देण्यात येईल' आणि 'कंपनीच्या त्या वेळच्या गरजेच्या अधीन राहून नोकरीसाठी विचार केला जाईल' यांत वरच्या हिशेबाने ३३ लाखांचे अंतर आहे. विचार करण्याला मुदत घातली आहे का? मुदत उलटली तर फीचा कोणता भाग परत? दोनदा चेक राइड नापास झाली तर कार्यक्रमातून काढतात की आणखी तास देतात, आणि त्या जादा तासांचे पैसे कोणाचे? मेडिकल मध्येच गेले तर? पैसे उडालेल्या तासांप्रमाणे घेतात की टप्प्याच्या सुरुवातीलाच? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'आधी सगळे' असे असेल तर मी माझ्या घरातल्या मुलाला तिथे पाठवणार नाही.

दुसऱ्या बाजूला बाँड असतो. कंपनी प्रशिक्षणाचा खर्च स्वतः करते तेव्हा काही वर्षे तिच्याकडेच राहण्याची अट घालणे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे फी मुलगा भरतो आणि बाँडही मुलगाच लिहून देतो, हे मला अन्यायाचे वाटते. कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम कोणाला धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारे करार मानत नाही, पण नोकरी चालू असतानाची किमान सेवेची अट त्यात आपोआप बाद होत नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची सेवा किंवा २ लाख रुपये, ही अट वैध ठरवली. ७४ व्या कलमाखाली न्यायालय वाजवी भरपाई किती, एवढे पाहते. तेव्हा 'बाँड कोर्टात टिकत नाही' या सिनिअरच्या सल्ल्यावर सही करू नये. नोटीस पिरियड तर नियामकानेच ठरवून दिला आहे: कोपायलटला ६ महिने, कमांडरला २०१७ पासून एक वर्ष. सप्टेंबर २०२३ मध्ये अकासा एअर नोटीस न पाळता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि कोट्यवधींची भरपाई मागितली.

खर्च कंपनीने उचलायचे ठरवले तर तो उचलता येतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये स्पीडबर्ड पायलट अकादमी जाहीर केली: दर कॅडेटमागे सुमारे १ लाख पौंडांचा खर्च कंपनीचा, पहिल्या फेरीत ६० पर्यंत जागा. पैशाअभावी या वाटेला न येणारी मुले मिळावीत, हा त्यामागचा उघड सांगितलेला हेतू होता. अर्थात तिथे अर्ज करायला ब्रिटनमध्ये राहण्या-काम करण्याचा हक्क लागतो. लंडन-लेस्टरमध्ये वाढलेल्या मराठी मुलांना ती वाट खुली आहे, नाशिक-सांगलीच्या मुलांना नाही.

आपल्या कंपन्यांना हे परवडणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक भागाकार. ए-३२० निओची २०१८ ची छापील किंमत ११ कोटी ६ लाख डॉलर होती. मोठ्या ऑर्डरला निम्मी सूट धरू, डॉलर ८५ रुपये धरू. विमान ४७० कोटींना पडले. त्याला लागणाऱ्या १२ वैमानिकांचे प्रशिक्षण १ कोटी १० लाखांच्या दराने १३ कोटी २० लाख. विमानाच्या किमतीच्या २.८ टक्के. ४७० कोटींचा धोका कंपनी आणि विमाने भाड्याने देणाऱ्या संस्था वाटून घेतात, वरच्या २.८ टक्क्यांचा मात्र बारा मध्यमवर्गीय घरांवर टाकला जातो. सगळा खर्च कंपनीने करावा असे मी म्हणत नाही. निम्मी फी प्रशिक्षणाच्या वेळी आणि निम्मी रुजू झाल्यावर पगारातून, एवढे केले तरी उशिराची झळ कंपनीलाही बसेल, आणि मग भरतीचे अंदाज आपोआप जपून केले जातील.

महाराष्ट्रात या धंद्याची जुनी-नवी पाळेमुळे आहेत. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर २००८ पासून प्रशिक्षण कंपनी सीएई आणि विमानतळ प्राधिकरणाची संयुक्त संस्था एनएफटीआय चालते. इंडिगोच्या कॅडेटपैकी काही तिथे घडले. धुळे, शिरपूर, बारामती इथेही प्रशिक्षण विमाने उडतात. बारामतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि नियामकाने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. डीजीसीएने २०२५ मध्ये फ्लाइंग स्कूलची पहिली क्रमवारी लावली तेव्हा ३५ पैकी एकही संस्था वरच्या दोन श्रेणींत बसली नाही. १३ बी मध्ये, २२ सी मध्ये. कंपनीच्या नावाने भरलेल्या फीतूनही मूल शेवटी यातल्याच एखाद्या धावपट्टीवर शिकते, म्हणून कार्यक्रमाचे नाव पाहिल्यावर शाळेची श्रेणी आणि अपघातांचा इतिहास पाहणे ओघाने आलेच. ज्यांच्याकडे तारण ठेवायलाच काही नाही अशा इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना काढली. जागा थोड्या, पण हा हिशेब त्या मुलांपुरता हलका करणारी ही गोष्ट आहे, आणि ती वाढायला हवी.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडिया आपली फ्लाइंग स्कूल उभारत आहे. २०० कोटींहून अधिक गुंतवणूक, ३४ प्रशिक्षण विमाने, वर्षाला १८० वैमानिक, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीशी ३० वर्षांचा करार. लायसन्सपर्यंतची फी ६० लाख धरली तर १८० जणांचे वर्षाला १०८ कोटी होतात. इंधन, इन्स्ट्रक्टर, देखभाल यांचा खर्च त्यातून जातो हे मान्य करूनही, मूळ गुंतवणुकीशी तुलना केली की एवढे दिसते की शाळेच्या पैशाचा मोठा भाग कॅडेटच आणणार आहेत. जमीन आणि धावपट्टी राज्याची आहे. तेव्हा दर वर्षी किती कॅडेट बाहेर पडले, त्यातले किती सहा महिन्यांत रुजू झाले, किती बारा महिन्यांत आणि किती अजून थांबले आहेत, हे चार आकडे शाळेने जाहीर करावेत, अशी अट राज्याने घालायला हरकत नाही. देशातल्या प्रत्येक कॅडेट कार्यक्रमाला हीच अट डीजीसीए घालू शकते. तोवर अर्ज करणाऱ्या घराने पहिला खर्च क्लास वन मेडिकलवर करावा, कारण काही हजारांत होणारी ती तपासणी फीचा पहिला हप्ता भरण्याआधी झालेली बरी. आणि मागच्या तीन तुकड्यांतल्या मुलांना फोन करून तारखा लिहून घ्याव्यात: प्रशिक्षण संपल्याची आणि पहिला पूर्ण पगार मिळाल्याची.